एक जूनचा दाखला

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझ्या मुलाकडे, संदीपकडे बघून म्हणाले, "क्रिएटिनिन नऊच्या वर आहे. दोन्ही किडन्या गेल्यात. या आठवड्यातच डायलिसिस सुरू करावं लागेल."

मी समोरच्या खुर्चीतच होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं वगळून बोललं की राग येतो. मला आला. तो राग अजून गेलेला नाही. फक्त तो कुणावर आहे, हे कळायला पाच महिने लागले.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. आकडा एकच्या आसपास असावा लागतो. त्याआधी सहा महिने माझे पाय सुजत होते, तोंडाला चव नव्हती, दोन पायऱ्या चढलो की दम लागायचा. मी त्याला पित्त म्हणत राहिलो. बीपीची गोळी आठवण झाली तर घ्यायची, नाही तर नाही. तुमचे पाय सुजत असतील तर पित्त म्हणू नका. रक्त तपासा.

आमचं गाव जामखेड तालुक्यात. तिथून आठवड्यातून तीनदा नगरला येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आणि माझी बायको कुसुम नगरलगत भिंगारला संदीपकडे राहायला आलो.

डायलिसिसला हातावर फिस्टुला करावा लागतो. म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशननं जोडायची. शीर फुगते आणि मशीनच्या जाड सुया त्यात घालता येतात. सर्जननं विचारलं, "लिहायचा हात कोणता?" मी उजवा सांगितला. "मग डाव्यावर करू. लिहायचा हात वाचवू," असं ते म्हणाले. मला ते फार सभ्यपणाचं वाटलं.

चार तास मशीन. रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं, आणि त्यात माणूस गारठतो. भर मे महिन्यातही दात वाजतात. कुसुमनं गावाकडून येताना ट्रंकेतली एक चांगली तपकिरी शाल आणली होती. कुणाच्या तरी लग्नात सत्काराला मिळालेली. ती अंगावर घेऊन मी पडायचो.

सुई टोचण्याआधी टेक्निशियन दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारतो, म्हणजे चुकीच्या पेशंटला लावलं जाऊ नये. मी सांगायचो, एक जून. शेजारच्या पलंगावरचे पारनेरचे पाटील सांगायचे, एक जून. पलीकडची आजीही एक जून. टेक्निशियन हसायचा. "तुमच्या वाढदिवसाला वॉर्डाला एकच केक पुरेल," असं म्हणायचा.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर पहिलीत घालायला आणलं की आईबापाला तारीख आठवायची नाही. मग गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि एक जून लिहून टाकायचे. म्हणजे शाळा सुरू होताना सहा पूर्ण. माझ्या गुरुजींनी माझी तशीच लिहिली, मी शेकडो पोरांची लिहिली. यात कुणाचं वाईट व्हावं असं काही नव्हतं. पण तारीख आपल्या पेनातून जन्माला येते, याची हाताला सवय लागते. ती सवय काय करते ते पुढे येईल.

पाचव्या महिन्यात किडनी बदलायचा विषय निघाला. ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याची एक किडनी काढून आपल्याला बसवायची. कुसुमला शुगर. संदीपला अडतिसाव्या वर्षीच बीपी. दोघांनाही डॉक्टरांनी नाही म्हटलं. "जवळच्या नात्यातलं कोणी असेल तर बघा. आईवडील, भावंडं, मुलगा-मुलगी. बाहेरचा माणूस असेल तर सरकारी कमिटीची परवानगी लागते, आणि ते कसून विचारतात," एवढं सांगून त्यांनी विषय संपवला.

चार दिवसांनी बबन भेटायला आला. बबन आमच्याच गावचा, माझा विद्यार्थी. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम. चार शहाळी घेऊन आला होता. डायलिसिसच्या माणसाला शहाळं विषासारखं असतं. त्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदय बंद पडू शकतं. कुसुमनं ती गुपचूप बाजूला ठेवली.

बबन माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, मानूस हाय आपल्याकडं. रक्तगट जुळतोय, तपासून आनलाय. बाईमानूस हाय, जवान हाय, गपगुमान हाय."

संदीपनं खाली बघितलं. त्याला आधीच माहीत होतं.

बाहेरच्या बाईला कमिटी सोडणार नाही, असं मी म्हणालो. बबन म्हणाला, बाहेरची कशाला, तुमची लेक म्हणून दाखवायची. रेशनकार्डात तिचं नाव घालायची सोय त्यानं बघितली होती, प्रतिज्ञापत्र करणारा माणूसही होता. वडील म्हणून माझं नाव असलेला शाळेचा दाखला तेवढा हवा होता. जुने कोरे फॉर्म तुमच्याकडं असतीलच, असं तो म्हणाला. मी कचरतोय हे बघून त्यानं फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

"घाबरायचं काय त्यात? एक दाखला तर तुमी आधीच दिलाय हिचा."

मी फाईल उघडली. वरच शाळा सोडल्याचा दाखला होता. शीतल. जन्मतारीख एक जून. खाली माझी सही, माझं वळणदार अक्षर, शाळेचा गोल शिक्का.

साडेनऊ वर्षांपूर्वी हाच बबन शाळेत आला होता. शीतल तेव्हा माझ्याच वर्गात, सातवीत. तेरा पूर्ण, चौदावं चालू. परराज्यातलं चांगलं स्थळ आलंय, पोरगी टोळीबरोबर ऊस तोडण्यातून सुटेल, तिच्या बापाचीही इच्छा आहे, असं त्यानं सांगितलं. फक्त वय भरत नव्हतं. शाळेच्या रजिस्टरला मी हात लावला नाही. त्यात वर्ष बरोबरच होतं. दाखल्यावर मात्र मी पाच वर्षं मागचं साल टाकलं, शाळा सोडल्याची तारीखही मागची टाकली. कोऱ्या कागदावर सवयीचा हात, दोन मिनिटांचं काम. मी काही घेतलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. घेतलं होतं. लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं, माइकवरून नाव पुकारलं आणि शाल-नारळ देऊन सत्कार केला. ती शाल तपकिरी होती.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. गावात कुजबुज होती. मी बदलून गेलेल्या शिक्षकांची चौकशी करायचो, तिची केली नाही.

मी बबनला म्हणालो, आधी तिला आण. बघितल्याशिवाय मी काही लिहिणार नाही.

मंगळवारी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, तो तिला भिंगारला घेऊन आला. कुसुमनं बबनला आणि संदीपला रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणायला पिटाळलं. शीतल दाराशीच, चपलांजवळ बसली. मी ओळखलं नसतं. गालाची हाडं वर आलेली, तळहात कोयत्यानं घट्टे पडलेले.

"तुमाला द्यायची हाय, हे म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. "पेशंट म्हंजे तुमी, हे आत्ता दारात कळलं."

तू तयार आहेस का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"माझी पोरगी मुकादमानं त्याच्या घरी ठिवलीया, गुरुजी. पाच वर्साची हाय. मला काय इचारता?"

मग तिनं थोडक्यात सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. ज्या घरी दिली तिथं दोन वर्षं. मग त्यांनी दुसऱ्या घरी पाठवलं. तिथं मुलगी झाल्यावर बबनलाच बोलावून तिला लेकरासकट परत दिलं. तेव्हापासून ती त्याच्या टोळीत. सहा महिने ऊस, उरलेले सहा महिने त्याच्या घरची धुणीभांडी. बाप वारला. आईकडे जाऊ देत नाही. कमिटीपुढे काय बोलायचं तेही तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तिनं ते मला म्हणून दाखवलं, वर्गात कविता म्हणायची तसं हात बांधून. माझं नाव अमुक, हे माझे वडील, मी माझ्या खुशीनं देते.

मी काहीतरी बोलायला गेलो. मला तेव्हा माहीत नव्हतं, असलं काहीतरी.

"तवा मी तुमच्याच वर्गात हुते," ती म्हणाली. "तिसऱ्या बाकावर. एक डाव इचारायचं हुतं."

त्या रात्री संदीपशी भांडण झालं. तो रडत होता. "अण्णा, तुम्ही मराल," असं म्हणत होता. मी त्याला म्हणालो, मरेन तेव्हा मरेन, पण त्या पोरीला दोनदा विकणारा मी नाही. विकणारा हा शब्द माझ्याच तोंडातून गेला. मग कुसुम म्हणाली, "अक्षता मीपण टाकल्या होत्या. उद्या हॉस्पिटलात सांगायला मी येते बरोबर." तिनं ती शाल गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिसला घरातली साधी चादर घेतली.

हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असतात. औषधोपचाराखेरीज पेशंटच्या इतर अडचणी बघणारी ही माणसं. त्यांच्या खोलीबाहेर मानवी तस्करीचं पोस्टर होतं. जहाज, जगाचा नकाशा, साखळदंड. पाच महिने मी त्याच्याखाली बसून नंबराची वाट बघत होतो आणि हे कुठल्या तरी दूरच्या देशात चालतं असं समजत होतो. त्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, जगात कुठंही जा, हे असंच चालतं. ओळखीचा माणूस, गरजेचं घर आणि एक खरा दिसणारा कागद. साखळ्या चित्रात असतात."

कागद मी दिला होता.

त्यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी आधी बबनच्या घरून शीतलच्या मुलीला आणलं, मग शीतलला सोडवलं, मग बबनला उचललं. मी जबाब द्यायला गेलो. साहेब माझ्या हातावरचा फिस्टुला बघून हळहळले. "गुरुजी, तुमचं वय झालंय. अज्ञानातून झालं असं लिहू का?"

"नका लिहू," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं शिकवलं. अज्ञान कसलं?"

माझं नाव आरोपींमध्ये आहे. असायलाच हवं. शाळेचं रजिस्टर पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्यातलं साल आणि माझ्या दाखल्यातलं साल शेजारी शेजारी ठेवलं की माझा गुन्हा लहान मुलालाही वाचता येतो. बबन जामिनावर सुटलाय. गावात काही लोक मलाच शिव्या देतात, म्हाताऱ्याला मरताना पुण्य सुचलं म्हणतात. दोन जुने सहकारी भेटायला आले आणि हळूच म्हणाले, असे दाखले तर सगळ्यांनीच दिलेत, आता कशाला उकरायचं? मी त्यांना चहा दिला नाही. त्यांच्या वर्गातल्या मुली कुठे आहेत, एवढं विचारलं. दोघांनीही पिशव्या उचलल्या.

किडनीच्या आजारात अडकलेल्यांना सांगतो. डायलिसिसवर जगता येतं. पाणी मोजून प्या, मीठ सोडा, फिस्टुलाच्या हातानं वजन उचलू नका, रोज सकाळी त्यावर बोट ठेवून थरथर लागते का बघा. थरथर थांबली तर लगेच धावा. आणि कुणी येऊन म्हणालं की माणूस तयार आहे, गप्प बसणारा आहे, तर तो का गप्प आहे हे त्याला एकट्याला बसवून विचारा. तुमचा जीव जात असला तरी विचारा. शाळेत कोऱ्या दाखल्यांपुढे बसणाऱ्यांना मला काही समजावायचं नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे.

गेल्या महिन्यात शीतल डायलिसिसच्या वॉर्डात आली. ती आणि तिची मुलगी आता नगरच्या एका महिला वसतिगृहात राहतात. सोबत तिथल्या ताई होत्या. जन्मतारीख दुरुस्त करायला माझं लेखी निवेदन हवं होतं. माझा डावा हात मशीनला बांधलेला होता, उजवा मोकळा.

"शीतल, मला..."

"माफी नका मागू, गुरुजी. ती मी देनार न्हाई. दाखला तेवढा बरोबर करून द्या."

मी लिहायला घेतलं. तिची खरी तारीख मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तिला पहिलीत घालताना तिच्या आईनं सांगितलं होतं. कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाली. करीदिनाला. तसं लिहू नका गुरुजी, करीदिनाची पोरगी म्हटल्यावर लगीन जमायचं न्हाई, असं ती म्हणाली होती. मी हसून एक जून लिहिलं होतं. आता मी करीदिन लिहिला, खरं साल लिहिलं, कुणी सांगितलं ते लिहिलं, आणि खोटा दाखला मीच दिला हेही लिहिलं. सही केली. लिहायचा हात वाचवणाऱ्या त्या सर्जनचे आभार मानायचे राहून गेलेत, ते इथे मानतो.

शीतलनं कागद घेतला आणि बोट ठेवून प्रत्येक शब्द वाचला. नुसत्या माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही. बरं केलं. मग तिनं बोटांवर वर्षं मोजली.

"म्हंजे मी तेवीसचीच हाय?"

"तेवीसच."

 तिनं कागदाची घडी घातली, ती ताईंच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि निघाली. दारापर्यंत जाईस्तोवर मी बघत होतो, ती वळली नाही. मशीनवर अजून दोन तास दहा मिनिटं बाकी होती. मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.