साक्षगंधाचं शूटिंग मीच केलं

आमच्या रुपालीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, व्हिडिओ संत्र्यांचा आहे. माणसंही आहेत त्यात, पण मागे, आणि काळी.

रुपालीची आत्या, म्हणजे माझी मोठी नणंद आक्काबाई, तेव्हा अकोल्याला पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती. रुपालीला लहानपणी तिनेच सांभाळलेलं. "कुकू लागतानी मले पोरीचं तोंड पाह्यचं हाय," एवढंच तिचं मागणं. हे म्हणाले, "कॅमेरावाल्याले सांगतो." मी म्हटलं, "काई गरज नाई. मी घेतो शूटिंग." (आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी घेतो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी काही मोबाईल हातात धरून थरथरणाऱ्यांतली नव्हे. कॅमेऱ्याचा रीतसर अभ्यास केला होता. मोबाईल स्टॅन्डवर लावायचा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. आवाज स्वच्छ हवा तर पदराला छोटा बिनवायरचा माइक लावायचा. तोही लावला, आत्याला माझं वर्णन नीट ऐकू जावं म्हणून.

मुलाकडचे पाहुणे शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे बगीचेवाले. त्यांनी संत्र्यांची टोपली आणून पाटासमोर ठेवली. पाट अजून रिकामा होता आणि खिडकीतलं ऊन नेमकं टोपलीवर. मी ऐटीत बोट दाबलं. लॉक! रेकॉर्डिंग सुरू केलं, "आक्काबाई, पाहा आता," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. (वांग्याच्या भाजीला फोडणी काय कॅमेरावाला देणार होता?) माइक पदरालाच राहिला.

कार्यक्रम छान झाला. व्हिडिओ न पाहताच मी साक्षगंधाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आत्या होती, तसे पाहुणेही होते. लगेच आत्याचा फोन.

"काहून वं, पोरगी कुठी हाय?"

"टोपलीच्या मांगं."

"मांगं तं अंधार हाय. संत्र्यावरचा ठिपका न् ठिपका दिसून राहिला. अन् आवाज फक्त तुयाच."

"काय म्हटलं मी?"

"'बगीचेवाले म्हणे. संत्री तं लिंबाएवढी आणली बा यायनं.'"

हे डोक्याला हात लावून बसले. लग्न मोडलंच असं धरून रुपाली माझ्याशी बोलेना. मला आत्याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण संत्र्यांबद्दल मी माघार घेणार नव्हते. लहान ती लहानच, आणि पुरावा एकदम क्लिअर होता.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. मी पदर खोचून उचलला.

"इहीनबाई, मोठी संत्री तोडून ठेवली हायेत. रविवारी अकोल्याले चाला. आत्याबाईच्या समोर कुकू लावतो मी पोरीले."

गेलो. रुपालीला आत्याच्या पलंगाशी बसवलं. मी स्टॅन्ड उघडत होते, तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्या हातातला मोबाईलच काढून घेतला. "तुमी टोपली धरा," म्हणाल्या. मग एका हाताने कुंकू लावलं आणि दुसऱ्या हाताने शूटिंग केलं.

त्या व्हिडिओत रुपालीचं तोंड लख्ख दिसतं, आत्याचे भरलेले डोळे दिसतात, आणि कोपऱ्यात टोपली धरून मी. घरात सगळे तोच पुन्हा पुन्हा पाहतात. पाहोत बापडे. पण मी सांगून ठेवते, तो हललेला आहे. बाईंनी स्टॅन्ड लावलाच नव्हता.