मूठभर तांदूळ

येळ्ळूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये दर रविवारी सकाळी ती बाई माझ्या शेजारी असायची. मांडीवर जुन्या साडीच्या तुकड्याची शिवलेली पिशवी. कंडक्टर म्हणायचा, "आक्का, खाली ठेवा की ती." ती नुसती हसायची आणि पिशवी आणखी जवळ ओढायची. शेवटी मला राहवलं नाही.

"एवढं काय हाय त्यात?"

"तांदूळ. चर्चला द्यायचं. रोज भात टाकायच्या आधी एक मूठ येशूच्या नावानं बाजूला काढायची. कुणाच्या तरी चुलीवर शिजतंय."

"आणि घरात कमी असलं तर?"

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. "पावणा आला की डब्यात किती हाय ते बघून वाढतंय व्हय कोण? आज डब्याचा तळ दिसला बघा. तरी मूठ दाबूनच भरली. मन लई भरलंय."

चर्चच्या स्टॉपवर ती उतरली.

घरी आल्यावर मी सहज आमचा तांदळाचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला होता. एक मूठ बाहेर काढली, जरा वेळ बघत राहिलो, आणि त्यातले थोडे तांदूळ परत डब्यात टाकले.