सोळा दात्यांचं फ्रीव्हील

आमच्या घरी एकच सायकल होती आणि ती मासोळीची होती. गावच्या तलावातली मासोळी टोपलीत भरून बाबा घाटापलीकडच्या बाजारात न्यायचे. ओली टोपली जड आणि घाट उभा, म्हणून मागच्या चाकाला बावीस दात्यांचं फ्रीव्हील, साखळी फिरते ते चक्र. मागे दाते जास्त असले की चढावर पाय हलके पडतात. सपाटीवर मात्र पायडल नुसतं गरगर फिरतं आणि सायकल आपल्या बैलाच्या चालीनं चालते. बाबांचं त्यावर भागत होतं.

ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात शाळेच्या मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचून एक शर्यत ठरवली. आधी तलाव पोहून जायचा, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, घाट ओलांडून परत यायचं आणि वर गावाभोवती धावायचं. गाव हसलं. माझा धाकटा भाऊ हसला नाही. तो एकोणिसाचा, पाण्यातच वाढलेला. त्याची अडचण एकच होती, सायकल.

तो बाबांच्या मागे लागला. "बाबा, घाट एवढासा हाये आन् सपाटी केवढी! सोळा दात्यांचं बसवू. घाटात जे जाईल ते सपाटीवर दुप्पट निघते."

"घाट चढून मंग धावाचं हाय तुले," बाबा म्हणाले. "पाय उरतीन का?"

हेच तो मला, थोरल्या बहिणीला, पुन्हा पुन्हा समजावायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याचा हिशोब बरोबर होता, हे आजही सांगते. रिकाम्या सायकलसाठी तो बरोबरच होता.

शेवटी बाबा त्याला घेऊन तालुक्याच्या दुकानात गेले. फ्रीव्हील हातानं बसवता येतं, पण पायडल मारता मारता ते असं आवळत जातं की काढायला वेगळा पाना लागतो, आणि तो पाना फक्त त्या दुकानात. दुकानदारानं जुनं काढलं आणि नवं बाबांनी आपल्या हातानं फिरवून बसवलं. घरी येऊन बावीसचं खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "शर्यत होईस्तोवर अर्धीच टोपली नेईन." आमच्या घरात यापेक्षा जास्त लाड कुणाचे झाले नाहीत.

मग तो रोज सोळाच्या चाकावर घाट चढून यायचा, मांड्या दाबत ओट्यावर बसायचा आणि मला सांगायचा, "बाई, शेवटच्या वळणावर उभं राहून मारा लागते, बाकी जमते." शर्यत चार दिवसांवर आली आणि भावाला हीव भरलं. हिवताप आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो-जातो, म्हणून आईनं काढा दिला, गोधडी घातली. तिसऱ्या सकाळी तो बरळायला लागला. दवाखाना घाटापलीकडे. नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, पुरात वाहून गेलेला, त्यामुळे बस नाही, बैलगाडी नाही. सायकल तेवढी उचलून पाण्यापार नेता येत होती.

बाबांनी त्याला कॅरिअरवर बसवलं आणि दुपट्ट्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं. मी मागून धावत होते. नाल्यापर्यंत ठीक चाललं. घाट लागला तशी सायकल अडली. बाबा पायडलवर सगळा भार टाकून उभे राहिले. चाक हललं आणि थांबलं. परत उभे राहिले. मग उतरले, दुपट्टा सोडला, त्याला सीटवर घेतलं आणि ढकलायला लागले. मीही लावला जोर.

शेवटच्या वळणाशी त्याला शुद्ध आली. त्यानं ते वळण ओळखलं.

"बाबा, थांबा. मी उतरतो. इथी लय जोर लागते."

आणि तो खरंच उतरला. हँडल धरून दोन-चार पावलं चालला, बाबांचं ओझं हलकं करायला. मग त्याचे पाय गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात त्यानं जीव सोडला. ताप डोक्यात गेला होता. "आधी आणायला पाहिजे होतं," असं तिथं कुणीतरी म्हणालं. मी ओरडले, "कशावर आणाचं होतं?"

बावीसचं असतं तर तो वाचला असता का? असं विचारणाऱ्याचा मला अजून संताप येतो. आणि सगळ्यात जास्त ते मीच विचारते.

बारा दिवस गेले आणि बाबांनी टोपली बांधली. पुरी भरलेली. घाटात ते उतरायचे, ढकलायचे, दर वळणावर छाती धरून उभे राहायचे. खिळ्यावरच्या फ्रीव्हीलला गंज चढत चालला. एक दिवस आईला राहवलं नाही.

"काऊन जी, जीव काढून राह्यले? ते मोठं टाकून घ्या ना."

बाबा टोपलीची दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले,

"राहू दे. पोरानं निवडलेलं हाय."