फाटकावरचे निळे तांदूळ

जॉर्डनमधल्या अम्मानच्या जबल हुसेन वस्तीतल्या पाळणाघरात उम्म कुतैबा अकरा वर्षं मुलांचे हातपाय, नाकं आणि बाकी सगळं धूत होती. नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

मग संचालिका मिस जुमाना तीन दिवसांचा कोर्स करून आल्या आणि नाकातून बोलायला लागल्या. मुलांना म्हणे 'अनुभऽऽव' द्यायचा. म्हणजे टबभर तांदूळ निळे रंगवायचे, शेवया हिरव्या उकडायच्या, मक्याच्या पिठाचा गुलाबी चिखल कालवायचा, त्यात पोरं उभी करायची आणि फोटो काढायचे. पसाऱ्याला घाबरू नका, असं मिस मदतनीस बायकांना सांगत. स्वतः हातमोजे चढवून दोन हात लांब. रडणारी पोरं फोटोत पाठमोरी घेतली जात.

पहिल्याच दिवशी तांदळावर पाय पडला तसं उम्म कुतैबाने तोबा करत पोर उचललं. मिस हसल्या. एवढं काय मनाला लावून घेता, खाला, खेळून झालं की कचऱ्यात टाकायचं.

कचऱ्यात! या गल्लीत शिळी रोटीसुद्धा कुणी कचऱ्यात टाकत नाही. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलून ओठांना लावतात आणि भिंतीवर ठेवतात. घरात उरलेली रोटी पिशवीत भरून फाटकाला टांगतात, शेळीवाला नेतो. उम्म कुतैबाने तेच केलं. गुरुवारपर्यंत पाळणाघराच्या फाटकावर सात पिशव्या लोंबत होत्या, निळ्या, हिरव्या, गुलाबी. शेळीवाल्याने एक उघडून पाहिली.

"माझ्या शेळ्यांना काय वरातीत नाचायचंय?" म्हणाला आणि चालू लागला.

मुलांना न्यायला आलेल्या आज्यांनीही पिशव्या पाहिल्या. दोघींनी नातवंडांची नावं तिथल्या तिथे काढून घेतली.

मिसचा आवाज नाकातून पुन्हा घशात आला. "आत्ताच्या आत्ता हे सगळं तुमच्या हाताने कचऱ्यात टाका. नाहीतर रविवारपासून येऊ नका."

उम्म कुतैबाला नवऱ्याच्या गोळ्या आठवल्या. मग तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"दुसरं काहीही टाकायला सांग, पोरी. हे नाही," म्हणाली आणि घरी गेली.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी मिसनी उरलीसुरली वीस पोरं नव्या गुलाबी चिखलात सोडली. अनुभव पाच मिनिटांत संपला, धुणं उरलं. कोर्समध्ये ते शिकवलं नव्हतं. चिखल मोरीत ओतला, मोरी तुंबली, पोरांच्या केसांत पीठ वाळून खडखडीत झालं. एकाने मिसच्या पांढऱ्या विजारीला मिठी मारली. दहा वाजता उम्म कुतैबाचा फोन वाजला. पलीकडे वीस गळे एकदम, त्यांच्यावरून मिसचा आवाज.

"खाला, या हो. ते तांदूळबिंदूळ बंद. पण टबात घालू काय?"

"माती घाल. अंगणात ऑलिव्हखाली हवी तेवढी आहे."

मिस जरा घुटमळल्या. "माती? पण खाला, ती घाण असते."

उम्म कुतैबाने पाणी तापवलंय का, एवढंच विचारलं. तापवलं नव्हतं.

"मोठं पातेलं ठेव," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.