मालिनेओने परत फिरवलेली माणसं

लेसोथोच्या डोंगरांत, मोखोत्लोंग गावाच्या वर, जिथे गाडीरस्ता संपून पायवाट कड्याकडे चढू लागते, तिथल्या लॉजवर मालिनेओ सात वर्षं वाटाड्याचं काम करत होती. हे काम आधी तिच्या नवऱ्याचं, फाकिसोचं. तो गेल्यावर बर्फाच्या दिवसांत वर जायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून लॉजच्या मालकिणीने, म्मे मोसेलीने, तिला विचारलं; मोठ्या बाईला तिकडे मानाने म्मे, म्हणजे आई, म्हणतात. घरात थोरली लेक लिनेओ आणि तिच्या पाठची दोन. मालिनेओने फाकिसोचीच काठी उचलली.

तिकडचा हिवाळा सरतो तेव्हा, सप्टेंबरात, खाली गावात पीचची झाडं फुलतात आणि वर घळींमध्ये बर्फ तसाच असतो. सकाळी तो दगडासारखा. उन्हं वर आली की वरून तसाच दिसतो, पण आतून ओढा त्याला पोखरत असतो. कड्याच्या माथ्यावर जायला अशीच एक घळ आडवी ओलांडावी लागते. दहाच्या आत पोचलो तर ओलांडायची, नाहीतर परत फिरायचं, हा मालिनेओचा नेम.

त्या सकाळी जोहान्सबर्गहून आलेले चौघे उठले उशिरा, नाश्त्यात रेंगाळले, वाटेत फोटो काढत बसले. घळीपाशी पोचेतो साडेअकरा झाले होते. मालिनेओने काठी रोवली. काठी हातभर आत गेली.

"परत फिरायचं," ती म्हणाली.

त्यांचा म्होरक्या रिआन नावाचा डॉक्टर होता. समोर माथा दिसत होता, जेमतेम तासाभराचा. "बर्फ तर चांगला टणक आहे," तो कडेला बूट आपटून म्हणाला. "तू इथे कधी बर्फ फुटलेला पाहिलायस का?"

"एकदा."

"किती वर्षांपूर्वी?"

"सात."

तो हसला. फाकिसोला याच घळीतून बाहेर काढायला अकरा दिवस लागले होते, हे या माणसाला सांगून काय करायचं? ती वळली आणि खाली चालू लागली. चौघे धुसफुसत मागून आले.

रात्रीच्या जेवणाला तिचा धाकटा दीर सेकाके लॉजवर होता. त्याने राजधानीत, मासेरूला, तीन आठवड्यांचं शिक्षण घेऊन वाटाड्याचा बिल्ला मिळवला होता. रिआनने गाऱ्हाणं मांडलं तसा तो म्हणाला, "उद्या मी नेतो." आणि नेलं. घळ ओलांडली तेव्हा बारा वाजून गेले होते. बर्फाला साधा तडाही गेला नाही. चौघे माथ्यावर जाऊन, नाचून, सुखरूप खाली आले.

म्मे मोसेलीने मालिनेओला स्वयंपाकघरात बोलावलं. "बाई, तुझं दुःख मला कळतं. पण लोक इतक्या लांबून येतात ते अर्ध्यातून परतायला नाही. यापुढे सेकाके पुढे चालेल, तू मागून ओझं घेऊन जा."

"तो दहाचा नेम पाळणार नाही."

"काल तरी काही झालं का?"

काही झालं नव्हतं, आणि परवा ती गेली असती तर कदाचित तेव्हाही झालं नसतं. परत फिरवलेली माणसं जगली ती परत फिरल्यामुळे, हे दाखवायचं कसं?

पुढच्या आठवड्यात ती दोन पिशव्या पाठीवर घेऊन मागून चालली. यावेळी तीन मास्तरणी होत्या. घळीपाशी पोचेतो अकरा वाजून गेले होते. सेकाके थांबला, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून तिच्याजवळ वाकला.

"म्मे, काय वाटतं?"

"मला कशाला विचारतोस? बिल्ला तुझ्या छातीवर आहे."

"राग घरी काढ. सांग ना."

"परत फीर, अबुती, भाऊ माझ्या."

सेकाकेने घळीकडे पाहिलं, मग त्या तिघींकडे. "आमच्या वहिनी दमल्यात," तो त्यांना हसून म्हणाला. "चला, सावकाश जाऊ."

एकेक जण निघाला. सगळ्यांत मागे मालिनेओ. मधोमध आली तेव्हा पायाखाली ओढ्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तिच्या ध्यानात आलं, आपण हा बर्फ फुटायची वाट बघतोय. आत्ता फुटावा. सेकाके खाली जावा, हवं तर त्या बायकाही, म्हणजे सगळ्यांना कळेल. स्वतःचा विचार तर तिने केलाच नव्हता.

बर्फ फुटला नाही.

माथ्यावर मास्तरणींनी तिच्या हातात फोन दिला. तिने सेकाकेसकट त्यांचे फोटो काढले. त्यातली सगळ्यांत लहान, लिनेओएवढीच, तिला चघळायची गोड गोळी देत म्हणाली, "तुम्ही मागे होतात म्हणून मला भीती वाटली नाही." मालिनेओने ती गोळी हातात घेतली आणि खाली मान घातली.

उतरताना तिने घळ टाळली. डोंगराच्या सोंडेवरून एकटी, अडीच तासांचा वळसा घेऊन ती लॉजवर आली. पिशव्या ठेवल्या आणि म्मे मोसेलीला म्हणाली, "उद्यापासून येत नाही."

"सेकाके काही बोलला का?"

"नाही. गुडघे दुखतात."

आता ती रस्त्याच्या फाट्यावर ज्वारीची आंबील विकते. सप्टेंबरात सेकाके माणसं घेऊन वर निघतो, तिला हात करतो, "म्मे, येतेस का?" म्हणून चिडवतो. ती पेला विसळत राहते. वेळ मात्र बघते, आणि संध्याकाळी खाली येणारी डोकी मोजते. अजून एकदाही कमी भरलेली नाहीत. तेवढ्यावर तिला आनंद व्हायला हवा, आणि तो होत नाही.