तिचा डावा अंगठा

फाटकावरच्या मशीनला माझा अंगठा कधी कळलाच नाही. तीस वर्षं सिमेंट कालवलं, विटा घासल्या. त्यात बोटांच्या रेघा कधी झिजून गेल्या ते माझं मलाच कळलं नाही, तिथं मशीनला काय कळणार.

तामलवाडीच्या पुढं माळावर विजेचं मोठं सबस्टेशन उभं राहत होतं. तिथं आम्ही दोघं कामाला होतो. मी गवंडी, बायको माझ्या हाताखाली. माल कालवायची, घमेली द्यायची. जागा नाजूक आहे, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं. कुणीही उठून आत शिरू नये म्हणून फाटकावर अंगठ्याचं मशीन बसवलेलं. मोबाईल बाहेर खणात ठेवायचा. आतला कागदाचा कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही.

नाव नोंदवायच्या दिवशी लांब लाइन लागली. मशीनवाला आधी फोटो घ्यायचा, मग अंगठा तीनदा दाबायला लावायचा. माझा फोटो निघाला, अंगठा काही निघेना. उजवा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली. तेल लावलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा दाबलं. मागची माणसं कावली. एक जण म्हणाला, "मामा, पायाचा लावून बघा."

तेव्हा बायको पुढं झाली. "माझा डावा घ्या की ह्यांच्या नावावर. उजवा माझा, डावा ह्यांचा. आमचा एकच कोयता हाय."

मशीनवाला शहरातला, त्याला कोयता समजला नाही. तरुणपणी आम्ही ढोकीकडं ऊसतोडीला जायचो. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं धरत नाही, कोयते धरतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, आणि वहीत नाव एकाचंच. दोघं मिळून एक, हे आमच्या अंगात मुरलेलं. तिनं ते काही लबाडीनं केलं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. मशीनवाल्याला उन्हाच्या आत लाइन संपवायची होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तिचा डावा अंगठा माझ्या फोटोखाली घेऊन टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी तोच प्रकार. ती आधी डावा अंगठा दाबायची. काचेवर माझं तोंड उमटायचं, मशीन 'धन्यवाद' म्हणायचं, लोखंडी चक्री फिरायची आणि मी आत जायचो. आत जाऊन तिथंच थांबायचो. मग ती उजवा दाबायची, काचेवर तिचं तोंड यायचं आणि ती यायची. "तुमचं थोबाड माझ्या डाव्या अंगठ्यात हाय, नीट वागा," म्हणायची.

फाटकावरचा वॉचमन माझ्याच वयाचा. त्याला सगळं दिसायचं. "पाव्हणं, एखाद्या दिवशी वहिनी रुसल्या तर बाहेरच राहताल."

"राहू द्या की," ती म्हणायची. "तेवढ्या दिवशी भिंती सरळ व्हतील."

माझ्या भिंतीवर तिचा भरवसा नव्हता. ओळंब्याची दोरी सोडून मी भिंत बघितली, इंजिनियरनं बघितली, तरी ती घमेलं खाली ठेवून, एक डोळा झाकून बघायची. "डावीकडं पोट आलंय," म्हणायची. मी चिडायचो. शाळा मी चौथीपर्यंत तरी केलेली, तिनं तीही नाही. पण पुन्हा ओळंबा सोडला की भिंत तिथं फुगलेली निघायचीच.

एकदा संध्याकाळी बाहेर पडताना तिला अडवलं. उरलेली भाकरी तिनं ज्या कागदात बांधली होती, तो आतला नकाशा निघाला. वाऱ्यानं उडून मालाच्या ढिगापाशी पडलेला, जाड दिसला म्हणून तिनं उचललेला. मोठा साहेब आला. "मावशी, हा नकाशा आहे. बाहेर गेला असता तर आम्हाला सगळ्यांना घरी बसावं लागलं असतं."

"घ्या तुमचा," ती म्हणाली. "भाकरीला काय त्यातनं वाट सापडणार हाय का?"

साहेब आधी रागावला होता, मग तोंड फिरवून हसला. नकाशा ठेवून घेतला, भाकरी परत दिली. त्या दिवसापासून आमची भाकरी फडक्यातच.

संक्रांत झाली आणि ती गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती. दवाखान्यात जाऊ म्हणालो, तर म्हणाली, उद्या जाऊ, आज ज्वारी निवडून ठेवते. दुपारी निवडता निवडता सूप बाजूला सारलं आणि भिंतीला टेकली. मी पाणी घेऊन आलो तोवर झालं होतं. सुपात ज्वारी एकीकडं, खडे एकीकडं. ती ज्वारी मी अजून दळली नाही.

लेक मुरुम गावाला दिलेली. तेरावं झाल्यावर ती म्हणाली, "दादा, चला आता माझ्याकडं." मी म्हणालो, "काम उरकलं की येतो." खरं तर काम माझ्यावाचून अडलं नव्हतं. पण घरात माझं चुकलं म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. भाकरी कच्ची राहिली तरी कच्ची, जळली तरी जळली. कुणी बोलत नाही. माणूस अशानं मुका होतो. कामावर निदान चार माणसं बोलतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. लाइनीत उभा राहिलो, नंबर आला आणि मी मशीनपुढं नुसताच उभा. मग आपला अंगठा लावून बघितला. मशीन म्हणालं, 'पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा केला. पुन्हा तेच. पायाचा लावा म्हणणारासुद्धा खाली बघत होता.

वॉचमन जवळ आला. हळूच म्हणाला, "बोटाला इजा झाली म्हणून सांगा. बाकी काय बोलू नका."

मला खोटं बोलायला येत नाही. म्हणजे येतं, पण ते बोलायला ती लागायची.

फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत एक मॅडम बसायच्या. आत कोण येतं, कोण जातं, कुणाचं काय साठवलंय, ते सगळं सांभाळायचं काम त्यांचं. मी जाऊन सरळ सांगितलं. माझ्या नावावरचं बोट माझं नाही, बायकोचं आहे. आणि बायको आता नाही.

मॅडमनी कॉम्प्युटरात बघितलं. लई वेळ बघितलं. "मामा, एका बाईच्या दोन बोटांवर दोन माणसं आत येत होती? हे किती मोठं आहे, कळतंय का तुम्हाला? उद्या तिनं दुसऱ्याच कुणाला आत घेतलं असतं म्हणजे?"

"चाळीस वर्षांत तिनं मला सोडून कुणाला घेतलं न्हाय," मी म्हणालो.

त्यांनी डोक्याला हात लावला. मग सांगितलं, की वर कळवावं लागेल, पण काम जाणार नाही एवढं त्या बघतील. नवीन मशीन आलंय, ते तोंड बघून ओळखतं, त्याच्यावर माझी नोंद नव्यानं करतील. आणि बायकोची दोन्ही बोटं आणि फोटो आजच पुसून टाकतील.

काम गेलं असतं तरी मला चाललं असतं. पण फोटोचं ऐकून मी खुर्चीत बसलो. तिचा फोटो म्हणून घरात आहे तो आधार कार्डावरचा. त्यात ती पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. आत मोबाईल न्यायचा नाही, त्यामुळं कामावरचा एकही नाही. आम्ही एकत्र काम करत होतो ते दिवस तेवढे त्या एका फोटोत होते, आणि तो ह्यांच्या कॉम्प्युटरात.

"मला तो काढून द्या," मी म्हणालो. "मग पुसा."

"नाही देता येत, मामा. फाटकासाठी घेतलेला फोटो फाटकासाठीच. साहेबांनी मागितला तरी मी देत नाही. आणि माणूस गेलं की त्याचं काही ठेवायचंही नाही."

"मी नवरा हाय तिचा."

"उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी नवरा आहे."

"म्हणू दे की. तिचा डावा अंगठा कुणाच्या नावावर हाय तेवढं बघा."

मॅडमनी पुन्हा कॉम्प्युटरात बघितलं. मला वाटलं, आता देतील. नाही दिला. बाई नियमाची पक्की होती. राग आला मला, आजही थोडा आहे. पण तिचा फोटो दुसऱ्या कुणी येऊन मागितला असता, तर ह्याच बाईनं त्याला असंच माघारी धाडलं असतं, हेही मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं.

त्यांनी बटण दाबलं. पुसायच्या आधी कॉम्प्युटर विचारतो, नक्की पुसायचं का. विचारताना फोटो मोठा करून दाखवतो. मॅडमनी पडदा माझ्याकडं फिरवला. मग त्या उठल्या, कपाटाशी गेल्या आणि माझ्याकडं पाठ करून कसली तरी फाईल हुडकत बसल्या. ती फाईल त्यांना लई वेळ सापडली नाही.

फोटोत तिच्या कपाळावर पदर, पदरावर आधीच्या कामावरची सिमेंटची धूळ. ओठ दाबलेले, हसू आवरल्यासारखे. आणि ती समोर बघत नव्हती. डोळे एका बाजूला. त्या दिवशी मी त्या बाजूला उभा होतो, तेल लावलेली बोटं पुसत. भिंतीकडं बघायची तशीच माझ्याकडं बघत होती. म्हणजे पोट आलंय, पण पडायची नाही.

"बघितला," मी म्हणालो. "पुसा आता."

मग माझं तोंड घेतलं. "मामा, सरळ बघा," मॅडम म्हणाल्या. दोन-तीनदा म्हणावं लागलं.

बाहेर आलो. नव्या मशीनपुढं उभा राहिलो. ह्याला बोट लागत नाही, कुणी जोडीला लागत नाही. काचेवर माझं तोंड आलं, चक्री फिरली, मी आत गेलो. आत जाऊन वळलो आणि थांबलो.

मागचा एक जण आला, दुसरा आला. मी बाजूला झालो नाही. माणसं मला वळसा घालून जात होती. शेवटी वॉचमन गजातून हळूच म्हणाला, "पाव्हणं, झालं. आता चला."

त्या दिवशी एक भिंत बांधली. इंजिनियर चांगली आहे म्हणाला. तो गेल्यावर मी थापी खाली ठेवली, चार पावलं मागं सरलो आणि एक डोळा झाकून बघितलं. मला त्यातलं काही कळलं नाही.