चिलीच्या खाणीत आमचे दात

परत आलेली पेटी आप्पांनी माझ्या टेबलासमोरच फोडायला लावली. आत आमचेच दात होते. शॉवेल म्हणजे खाणीत दगड उचलणारं अवाढव्य यंत्र. त्याच्या बकेटच्या ओठाला पोलादी दात असतात, एकेक जवळजवळ माझ्या वजनाचा. इथून गेले तेव्हा टोकदार होते. आले ते वापरलेल्या साबणासारखे. चिलीतल्या तांब्याच्या खाणीचा निरोप स्पष्ट होता: मटेरियल खराब, पुढची ऑर्डर थांबवली आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे पोलाद ओतायच्या कारखान्यात, मी मेटलर्जिस्ट होते. पोलादात काय किती घालायचं, ते कसं तापवायचं आणि कसं थंड करायचं, हे ठरवणं माझं काम. आप्पा मालक. गडहिंग्लजकडचे. ऑइल इंजिनचे पार्ट ओतता ओतता इथवर आलेले. परदेशातली ही त्यांची पहिली मोठी ऑर्डर, आणि तिच्या भरवशावर त्यांनी नवी भट्टी घेतली होती.

मी सगळ्या टेस्ट पुन्हा केल्या. पोलाद निर्दोष निघालं. तसं आप्पांना सांगितलं.

"मग झिजलं कशानं?" त्यांनी विचारलं.

"खाण बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यांनी झिजलेल्या दातावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चल की मग. मी बी येतो. आपला माल राबतोय कुठं, ते तरी बघू."

खाण वाळवंटात, उंच डोंगरावर होती. गेटवरच डॉक्टरनं आमचं ब्लड प्रेशर तपासलं, कारण तिथली हवा विरळ. आप्पांचं माझ्यापेक्षा चांगलं निघालं. हे त्यांनी पुढं वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

मग खाणीचा मॅनेजर आम्हाला कठड्यापाशी घेऊन गेला.

मी कॉलेजात खाणींचे फोटो पाहिले होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही. पन्हाळा उपटून उलटा करावा आणि जमिनीत दाबून काढावा, तसा तो खड्डा. पलीकडची भिंत धुरकट दिसत होती. भिंतींना कापून काढलेल्या पायऱ्या, त्यांना बेंच म्हणतात. प्रत्येक बेंच चार मजली इमारतीएवढा. कुठं तांबूस, कुठं राखाडी, मध्येच मोरचुदासारखा हिरवा-निळा पट्टा. एकच रस्ता वळसे घेत तळापर्यंत गेलेला आणि त्यावर पिवळे ठिपके चढत होते. ते डंपर. एक जवळून गेला तेव्हा त्याच्या चाकाच्या मध्यापर्यंतही माझं डोकं पोचेना. भरलेल्या डंपरला बाकी सगळ्यांनी वाट द्यायची, हा तिथला नियम. उसाच्या ट्रॉलीला आपण देतो तशीच, असं आप्पा म्हणाले.

मग ते कठड्याला टेकले. टोपी काढून नुसते बघत राहिले. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "माणसानं केलंय व्हय हे सगळं?"

दुपारी ब्लास्टिंग होतं. सायरन वाजला, रस्ते रिकामे झाले. आधी अख्खा बेंच छाती फुगवावी तसा उचलला गेला. आवाज मागाहून आला. तो कानांपेक्षा पायांना जास्त कळला. आप्पा लहान मुलासारखे हसले. मीही हसले.

धूळ बसली आणि मला दिसलं. डाव्या बाजूला मोठमोठे धोंडे पडले होते. उजव्या बाजूला धोंडे नव्हतेच, नुसती खरखरीत वाळू घसरून आली होती.

मी मॅनेजरला विचारलं, आमचे दात कुठल्या शॉवेलला होते? उजवीकडच्या, तो म्हणाला.

आमचे दात मँगनीज पोलादाचे. या पोलादाचा स्वभाव वेगळा. ते मार खाल्ल्याशिवाय कडक होत नाही. धोंड्यावर आपटलं की त्याचा पृष्ठभाग आवळून टणक बनतो. वाळूत तसा मार बसतच नाही, नुसतं घासणं. ते आपलं मऊच राहतं आणि झिजत जातं.

हे मी मॅनेजरला समजावलं आणि त्यांच्या गोदामात पडून असलेला आमचा एक नवा जोड डावीकडच्या शॉवेलला लावायची विनंती केली. तो तयार होईना. तेवढ्यासाठी शॉवेल थांबवणं त्याला परवडत नव्हतं. शेवटी आप्पा मराठीतच बोलले, "पावणं, एवढ्या लांबनं आलोय. एकदा लावून बघा की." मी त्याचं इंग्रजी करायच्या आधीच मॅनेजर हसला. शिफ्ट बदलताना दात चढले.

आठवडाभरानं मी ते तपासले. माझ्याकडं कडकपणा मोजायचं छोटं यंत्र होतं. त्यातली गोळी धातूवर सोडायची. धातू जितका कडक, तितकी ती उसळते. उजवीकडच्या शॉवेलवर राहिलेल्या आमच्या जुन्या दातावर ती जेमतेम उडाली. डावीकडच्या दातावर टणकन उसळली. मॅनेजरनं यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

धोंड्यांसाठी तेच दात चालू राहिले. वाळूसाठी आम्ही क्रोमियमचं, भट्टीतूनच कडक होऊन निघणारं पोलाद दिलं. एका ऑर्डरच्या दोन झाल्या. निघायच्या दिवशी आप्पांनी शॉवेलच्या केबिनमध्ये बसायचा हट्ट धरला. ऑपरेटर एक बाई होती. तिनं त्यांना शेजारी बसवून एक डंपर भरून दाखवला. चार बकेटांत डंपर भरला. उतरल्यावर आप्पांनी तिला वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून कुणी दात मागितले की मी आधी विचारते, दगड कसला आहे? गिऱ्हाईक वैतागतं, आमचे सेल्सवाले त्याहून जास्त. पण पोलाद चांगलं की वाईट, हे लॅबमध्ये अर्धंच कळतं. उरलेलं दगड सांगतो.